वीस वर्षं हरलेली टीम आणि आमचे वाचक

गेल्या अंकात पिट्सबर्ग पायरेट्स ह्या अमेरिकन बेसबॉल टीमवर चार ओळी लिहिल्या होत्या. १९९३ ते २०१२ सलग वीस सीझन हरली आणि २०१३ ला एकदम १६२ पैकी ९४ मॅच जिंकून प्लेऑफला गेली, एवढंच. गोव्यात बेसबॉल कोण वाचणार म्हणून कोपऱ्यात टाकलं होतं, पण मेसेज एवढे आले की ह्या वेळी क्रिकेट-फुटबॉलला सुट्टी. बरेचसे प्रश्न जिथे घरातलं कोणीतरी बोटीवर नाहीतर अमेरिकेत आहे अशा घरांतून आलेत. नावं कोणाचीच छापत नाही, ज्याने जे टोपणनाव दिलं तेच ठेवलंय.

प्रश्न : भाऊ, वीस वर्षं हरणारी टीम अशी अचानक कशी काय जिंकायला लागते? कायतरी सेटिंग असणारच. आमच्या प्लांटमध्ये ह्यावरून अख्खी पाळी वाद झाला, सुपरवायझर पण त्यात.
रात्रपाळीवाला, वेर्णा

उत्तर : सेटिंग नाही रे. आणि "अचानक" पण नाही, तिथेच तर सगळी गंमत आहे.

आधी जखम कुठून सुरू झाली ते बघ. ऑक्टोबर १९९२, लीगच्या फायनलची सातवी मॅच, अटलांटामध्ये. पायरेट्स २-० ने पुढे, शेवटची म्हणजे नववी इनिंग, आणि तिथून ३-२ ने हरले. विजयाचा रन घसरत येऊन कोणी काढला तर सिड ब्रीमने, जो आधी पायरेट्सचाच होता आणि गुडघ्याच्या ऑपरेशनांमुळे टीममधला सगळ्यात हळू पळणारा म्हणून ओळखला जायचा. त्यानंतर बॅरी बॉन्ड्स टीम सोडून सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि मग वीस वर्षं एकदाही टीम निम्म्याहून जास्त मॅच जिंकली नाही. अमेरिकेतल्या सगळ्या मोठ्या लीग धरल्या तरी एवढी सलग वर्षं कोणी हरलेलं नाही.

आता शेवटची दोन वर्षं बघ. २०११ ला जुलैच्या शेवटी टीम चक्क आपल्या गटात पहिल्या नंबरसाठी भांडत होती. मग परत अटलांटा, एकोणीस इनिंगची मॅच, रात्री दोनच्या आसपास पायरेट्सच्या कॅचरने, म्हणजे त्यांच्या विकेटकीपरने, रनरला बॉल लावून आउट केल्यासारखं सगळ्या जगाला दिसलं आणि अंपायरने हात पसरून सेफ, म्हणजे नॉट आउट दिला. त्या धक्क्यानंतर थोड्याच दिवसांत सलग दहा मॅच हरले, सीझन ७२-९०, म्हणजे ७२ जिंकल्या ९० हरल्या. २०१२ ला तर कहर. ऑगस्टच्या सुरुवातीला ६३-४७, लोक प्लेऑफच्या तिकिटांची भाषा करायला लागले, तिथून पुढच्या ५२ मधल्या फक्त १६ जिंकल्या, ७९-८३. म्हणजे विसावं वर्ष पण हरलंच.

पण ती दोन वर्षं नीट बघितली तर टीम सुधारलेली होती, फक्त टेबलात दिसत नव्हतं. फॅन लोक टेबल बघतात, आणि ऑगस्टमध्ये पडलेली टीम बघून म्हणतात की हे कधी सुधारायचे नाहीत. मी स्वतः ह्या मताचा आहे की २०१३ चा सीझन २०११ मध्येच सुरू झाला होता.

मग २०१३ ला नवीन काय केलं? पैसा नव्हता, पगाराच्या हिशोबात ही टीम तळाकडचीच. म्हणून जे दुसऱ्यांना दिसत नाही ते विकत घेतलं. रसेल मार्टिन नावाचा कॅचर आणला, आदल्या सीझनमध्ये न्यूयॉर्क यँकीजकडून त्याची ॲव्हरेज होती .२११, म्हणजे कागदावर काहीच नाही. पण हा माणूस बॉल अशा हाताने घ्यायचा की स्ट्राइक झोनच्या, म्हणजे बॅट्समनसमोरच्या ठरलेल्या चौकटीच्या कडेला टपकलेला बॉल पण अंपायरला स्ट्राइक वाटायचा आणि बॅट्समनच्या विरुद्ध मोजला जायचा. विकेटकीपरने बेल उडवावी तसं एकदम दिसणारं काम नाही हे, दर मॅचला दोन-चार बॉल इकडचे तिकडे होतात, पण असे मोजायला लागलो की वर्षाचे कितीतरी रन वाचतात.

दुसरा फ्रान्सिस्को लिरियानो, पिचर, म्हणजे बेसबॉलचा बॉलर. आदल्या वर्षी त्याच्या नावावर ६ जिंकल्या १२ हरल्या (तिकडे मॅचचा निकाल पिचरच्या नावावर लावतात), दर नऊ इनिंगला पाच रनांच्या वर देत होता. त्याच्याशी दोन वर्षांचा पावणेतेरा मिलियन डॉलरचा करार ठरला आणि ख्रिसमसला पठ्ठ्याने पोरांना घाबरवायला दारावर हात आपटून हात मोडून घेतला. नशीब की बॉल टाकायचा हात नव्हता. क्लबने करार परत लिहिला, पक्के फक्त एक मिलियन, बाकी खेळलास तर. तो १६ जिंकला, ८ हरला आणि रनांची सरासरी ३.०२.

तिसरं म्हणजे शिफ्ट. बॅट्समन जिकडे मारतो तिकडे फिल्डर सरकवून ठेवायचे. क्रिकेटवाल्याला ह्यात काही विशेष वाटणार नाही, पण बेसबॉलमध्ये शंभर वर्षं माणसं ठरलेल्या जागीच उभी राहायची आणि जुने कोच लोक ह्या प्रकाराला नाकं मुरडायचे. मॅनेजर क्लिंट हर्डलने ते मानलं, आणि पिचरना सांगितलं की बॉल खाली ठेवा, जमिनीवरून मारू दे, मागे माणसं उभी आहेत. ते आपल्या लीगचे बेस्ट मॅनेजर झाले त्या वर्षी, आणि त्यांचा अँड्र्यू मॅकचन लीगचा बेस्ट खेळाडू. (आता २०२३ पासून नियम बदललाय, दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफिल्डर, म्हणजे जवळचे फिल्डर, ठेवावेच लागतात. स्वस्तातली अक्कल फार चालली की नियमवाले येतातच.)

तुझ्या सुपरवायझरला हे सगळं सांग. त्यातून सेटिंग सापडली तर मला पण कळव.

प्रश्न : १६२ मॅच? एका सीझनमध्ये? छपाईची चूक आहे काय?
डिचोली

उत्तर : चूक नाही. मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत जवळजवळ रोज. ३० टीम आहेत, ड्रॉ नाही, बरोबरी झाली की जास्तीच्या इनिंग. ८१ पेक्षा कमी जिंकलात की हरलेला सीझन. आणि हे लक्षात ठेवा की चांगल्यातली चांगली टीम पण साठेक मॅच हरते आणि रद्दीतली टीम पण सहसा साठेक जिंकते, खरा खेळ मधल्या चाळीस-पन्नासचा. म्हणून एका आठवड्यावरून टीमबद्दल मत बनवणाऱ्याला तिकडे वेड्यात काढतात.

प्रश्न : माझा भाचा बाल्टिमोरला असतो. तो म्हणतो मावशी, तुझे पायरेट्स सोड, आमच्या ओरिओल्सनी २०१२ ला जे केलं तसं कोणीच केलं नाही. त्याचे मित्र मात्र म्हणायचे ते सगळं नशीब होतं. भाच्याची बाजू घ्यायची आहे, काय सांगू?
एक मावशी, म्हापसा

उत्तर : मावशी, बाजू घ्या, पण अर्धीच घ्या.

भाच्याचं खरं आहे की सीझन वेडा होता. बाल्टिमोर ओरिओल्स १९९८ पासून सलग चौदा सीझन हरलेले. २०११ ला ६९ जिंकल्या ९३ हरल्या. २०१२ ला बरोबर उलटं, ९३ जिंकल्या ६९ हरल्या. मे महिन्यात बॉस्टनला एक मॅच सतरा इनिंगपर्यंत गेली, पिचर संपले, तेव्हा ख्रिस डेव्हिसला बॉल दिला. हा बॅट्समन, आणि त्या दिवशी बॅटने आठ वेळा येऊन एकदाही हिट नाही. त्याने दोन इनिंग टाकल्या, रन दिला नाही आणि मॅच त्याच्या नावावर जिंकली गेली. समोर बॉस्टनने पण शेवटी आउटफिल्डरच आणला होता टाकायला. अशी मॅच जिंकली की फॅनला वाटणारच की हे वर्ष आपलं.

पण मित्रांचं पण ऐका. त्या सीझनला ओरिओल्सनी रन केले ७१२ आणि दिले ७०५. वर्षभरात फक्त सात रनांचा फरक! बिल जेम्स नावाच्या आकडेवाल्या माणसाने एक सोपा हिशोब काढलाय, केलेल्या रनांचा वर्ग घ्या आणि त्याला केलेल्या आणि दिलेल्या रनांच्या वर्गांच्या बेरजेने भागा, म्हणजे टीमने किती टक्के मॅच जिंकायला हव्या होत्या ते कळतं. ओरिओल्सचं उत्तर येतं साधारण ८२. जिंकल्या ९३. वरच्या अकरा कुठून आल्या? एका रनाच्या फरकाच्या मॅच २९ जिंकल्या आणि फक्त ९ हरल्या, जादा इनिंगच्या १६ जिंकल्या २ हरल्या. पहिल्या पावसात चढणीचे मासे मिळाले म्हणून कोणी मोठा मासेमार होत नाही, त्यातलाच प्रकार.

मित्रांचं म्हणणं पुढच्या वर्षी खरं ठरलं. २०१३ ला एका रनाच्या मॅच २० जिंकल्या ३१ हरल्या. टीम तीच, मॅनेजर बक शोवॉल्टर तेच, शेवटची इनिंग टाकणारा जिम जॉन्सन पण तोच, २०१२ ला ५१ सेव्ह (शेवटी सांभाळून संपवलेल्या मॅच), २०१३ ला ५० सेव्ह, फक्त ह्या वेळी त्याच्या हातून मॅचेस निसटल्या पण. एकूण ८५-७७, प्लेऑफ नाही.

आता अर्धी बाजू भाच्याची. २०१४ ला हीच टीम ९६ जिंकून गटात पहिली आली. म्हणजे २०१२ ला नशिबाने पुढे ढकललं, पण ढकलायला खाली काहीतरी होतं. मॅनी मचाडो वीस वर्षांचा पोरगा त्याच ऑगस्टमध्ये पहिल्यांदा खेळायला आला होता. भाच्याला सांगा की नशीब होतं हे कबूल कर आणि वर म्हण की नशीब पण चौदा वर्षांनी आलं, फुकट नाही आलं. ह्यावर मित्रांकडे उत्तर नसतं, मी बघितलंय.

आणि तुलनाच करायची तर पायरेट्सनी २०१३ ला ६३४ रन केले, ५७७ दिले. हिशोबाने ८८-८९ मॅच व्हायला हव्यात, जिंकल्या ९४. म्हणजे नशीब इथे पण आहे, पण कमी. म्हणून माझं मत पायरेट्सना, सॉरी मावशी.

प्रश्न : माझा एक मित्र आहे, मी बोटीवर असताना पिट्सबर्गच्या एका सहकाऱ्यामुळे २००९ पासून पायरेट्स फॉलो करायचो तेव्हा हा मला हसायचा, रोज स्कोअर विचारून चिडवायचा. आणि आता आम्ही कुठे बसलो की हाच सगळ्यांना पायरेट्सच्या गोष्टी सांगतो, जसा काय जन्मापासून फॅन. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून पी लिहिलेली टोपी पण आणलीय. अशा माणसाचं काय करायचं?
जुना फॅन, साखळी

उत्तर : काही नाही. त्याला फक्त विचार की लिरियानोचा कुठला हात मोडला होता. (उजवा. टाकायचा डावा.)

गंमत सोड. हरणाऱ्या टीमचा जुना फॅन असणं ही एक विचित्र मालमत्ता असते, टीम हरत असते तोपर्यंत कोणाला नको असते आणि जिंकली की सगळे वाटा मागायला येतात, तुझा राग मला कळतो. पण पिट्सबर्गमध्ये काय झालं ते बघ. १ ऑक्टोबर २०१३, वाइल्डकार्डची म्हणजे गटात पहिल्या न आलेल्या टीमची मॅच, सिनसिनाटी रेड्सशी, हरलात की घरी. एकवीस वर्षांनी त्या गावात प्लेऑफ. नदीकाठचं पीएनसी पार्क, चाळीस हजारांवर माणसं, सगळी काळ्या कपड्यांत. दुसऱ्या इनिंगमध्ये पायरेट्सच्या मार्लन बर्डने होमरन, म्हणजे बेसबॉलचा सिक्सर मारला आणि लोकांनी समोरच्या पिचरचं नाव सुरात ओरडायला सुरुवात केली, जॉनी क्वेटो, तर "क्वेऽऽटो, क्वेऽऽटो", शाळेतली पोरं वर्गात कोणाला चिडवतात तसं. आणि क्वेटोच्या हातातून उभ्या उभ्या बॉल खाली पडला. अख्खं स्टेडियम अजून चढलं. पुढच्याच बॉलला रसेल मार्टिनने होमरन मारला. मार्टिनने नंतर अजून एक मारला, ६-२.

आता सांग, त्या चाळीस हजारांतले सगळे वीस वर्षं स्टेडियममध्ये येत होते काय? छे. तेवढे येत असते तर टीम गरीब राहिली असती का! निम्म्याहून जास्त तुझ्या मित्रासारखेच असणार. पण तो बॉल खाली पाडायला चाळीस हजार गळे लागले, जुन्या चार फॅनांनी ओरडून नसता पडला. मित्राला टोपी घालू दे. पी म्हणजे पणजी असं सांगत फिरणारे पण मला भेटलेत, त्यांच्यापेक्षा हा बरा.

भारतात तेव्हा २ ऑक्टोबरची पहाट होती. जिंकले आणि ड्राय डे. ह्यापेक्षा मोठा अन्याय फॅनवर होऊ शकत नाही.

प्रश्न : सर, कॉलेजमध्ये स्पोर्ट्स मॅनेजमेंटवर प्रोजेक्ट करतेय. मुद्दाम हरून चांगले खेळाडू मिळवायचे आणि मग जिंकायचं, हा प्लॅन बरोबर की चूक?
फोंडा

उत्तर : चालतो की नाही हा एक प्रश्न, बरोबर की चूक हा दुसरा. मार्क मिळवायचे तर दोन्ही वेगळे लिही.

पद्धत अशी की नवीन खेळाडू निवडताना खालच्या टीमला आधी हात घालायला मिळायचा. ह्यूस्टन ॲस्ट्रोजनी २०११, २०१२, २०१३ ला अनुक्रमे १०६, १०७ आणि १११ मॅच हरल्या आणि २०१७ ला वर्ल्ड सिरीज, म्हणजे अख्ख्या बेसबॉलची फायनल जिंकली. उदाहरण म्हणून सगळे हेच देतात, पण मग त्याच २०१७ मध्ये कॅमेऱ्याने समोरच्या कॅचरचे इशारे चोरून कचऱ्याचा डबा वाजवून आपल्या बॅट्समनला कुठला बॉल येणार ते सांगायचे हे २०२० ला चौकशीत सिद्ध झालं, पाच मिलियन डॉलर दंड झाला, ते प्रोजेक्टमध्ये गाळू नकोस. ओरिओल्सनी पण २०१८ ला ११५ मॅच हरून तेच केलं, २०२३ ला १०१ जिंकल्या, प्लेऑफमध्ये तीन मॅचमध्ये बाहेर, आणि २०२५ ला परत ७५-८७. आणि शिकागो व्हाइट सॉक्स २०२४ ला १२१ हरले, आधुनिक काळात एका सीझनला सगळ्यात जास्त, हरण्याने आपोआप काही येत नाही ह्याचा एवढा मोठा पुरावा दुसरा नाही.

पायरेट्सना पण हरल्यामुळेच चांगले पोरगे मिळाले, हे लपवायचं कारण नाही, गेरिट कोल २०११ ला पहिल्या नंबरवर त्यांनीच उचलला. पण मॅकचन अकराव्या नंबरवर मिळाला होता, म्हणजे त्याच्या आधी दहा टीमनी त्याला सोडला. माझं मत विचारशील तर तिकीट विकून मुद्दाम वाईट टीम उभी करणं ही फॅनची फसवणूक आहे. लीगला पण ते पटलं असावं, आता पहिले सहा नंबर लॉटरीने ठरतात.

जपानचं उदाहरण जोड, मार्क वाढतील. याकुल्ट स्वॅलोज आणि ऑरिक्स बफलोज ह्या दोन टीम २०१९ आणि २०२० दोन्ही वर्षं आपापल्या लीगमध्ये शेवटच्या. २०२१ ची फायनल ह्या दोघींमध्येच झाली. याकुल्ट जिंकली, पुढच्या वर्षी ऑरिक्सने उट्टं काढलं.

प्रश्न : टीमला साडेसाती लागलेली असू शकते का? आमच्याकडे गावची टीम सतत हरायला लागली की देवाला गाऱ्हाणं घालतात.
पेडणे

उत्तर : घाला की, नारळाशिवाय जातंय काय. जपानमधल्या ओसाकाजवळच्या हानशिन टायगर्सचं ऐका. १९८५ ला लीग जिंकली तेव्हा फॅन लोक पुलावरून दोतोनबोरी नदीत उड्या मारत होते, एकेका खेळाडूचं नाव घ्यायचं आणि त्याच्यासारखा दिसणारा माणूस उडी मारायचा. रँडी बास हा दाढीवाला अमेरिकन, त्याच्यासारखा दिसणारा कोणी सापडेना, मग केएफसीच्या दारातला कर्नल सँडर्सचा पुतळा उचलून टाकला नदीत. त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजसारखी त्यांची जपान सिरीज जिंकली, आणि नंतर पुढची कितीतरी वर्षं टीम तळाला. लोक म्हणाले कर्नलचा शाप. पाणबुडे पाठवले, सापडला नाही, २००९ ला गाळातून बाहेर आला. आता शाप उतरायला हवा ना? पुढची जपान सिरीज जिंकली २०२३ ला. शाप असेल तर त्याला चौदा वर्षांनी आठवण झाली म्हणायची.

प्रश्न : आपले कोणी भारतीय पायरेट्समध्ये होते असं ऐकलं, खरं?
वाळपई

उत्तर : खरं. रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल, दोघे उत्तर प्रदेशचे, भालाफेकीतले. एका टीव्ही स्पर्धेतून निवडले आणि २००८ ला पायरेट्सनी करार केला, अमेरिकन बेसबॉलशी व्यावसायिक करार झालेले पहिले भारतीय. मोठ्या टीमपर्यंत दोघेही पोचले नाहीत, खालच्या लीगमध्ये खेळले. दिनेश २०१० ला परतला. रिंकू पुढे कुस्तीच्या शोमध्ये वीर महान म्हणून गाजला.

प्रश्न : आपल्या गोव्यात असं कधी झालंय काय हो, पडलेली टीम वर आली?
मडगाव

उत्तर : होतं की, आपण हिशोब ठेवत नाही एवढंच. फुटबॉलमध्ये डेम्पो क्लब घ्या, पाच वेळा देशाचे चॅम्पियन, मग २०१५ ला आय-लीगमधून खाली, मग बाहेरच, आणि २०२४-२५ ला परत आय-लीगमध्ये. (चर्चिल ब्रदर्सचा त्याच सीझनचा विषय काढू नका. एप्रिलमध्ये चॅम्पियन जाहीर झाले आणि जुलैमध्ये स्वित्झर्लंडच्या लवादाने जेतेपद इंटर काशी क्लबला दिलं. तिथे रनांचा वर्ग करून काही उपयोग नाही.)

क्रिकेटमध्ये गोवा रणजीच्या प्लेट म्हणजे खालच्या गटात होती तेव्हाची पर्वरीची मॅच आठवते ना, नोव्हेंबर २०२४, अरुणाचल प्रदेश ८४ मध्ये ऑल आउट आणि मग कश्यप बखले नाबाद ३००, स्नेहल कवठणकर नाबाद ३१४, भागीदारी ६०६, रणजीच्या इतिहासातली सगळ्यात मोठी. व्हॉट्सॲपवर तेव्हा गोवा आता रणजी जिंकणार इथपर्यंत मजल गेली होती. आकडा मोठाच आहे, दोघांचं कौतुक कमी करत नाही, पण समोर कोण होतं ते बघूनच आकडा वाचायचा. प्लेटमधून वर येऊन पुढच्या सीझनला कर्नाटक, महाराष्ट्र, सौराष्ट्र, पंजाब अशांच्या गटात खेळायचं होतं, खरी परीक्षा ती.

प्रश्न : मॅच बघायच्या कधी? आमच्याकडे पावसात लाइट पण टिकत नाही.
काणकोण

उत्तर : तिकडच्या पूर्वेकडची संध्याकाळची मॅच म्हणजे आपली पहाटे साडेचार-पाच. रविवारची दुपारची असेल तर आपले रात्री अकरा. पश्चिम किनाऱ्यावर असेल तर सकाळी साडेसात-आठ, चहाबरोबर. लाइट गेली तर नुसता मोबाइलवर स्कोअर बघत बसा, बेसबॉल हा असा खेळ आहे की नुसत्या आकड्यांवर पण कळतो, रेडिओवर क्रिकेट ऐकलेल्यांना सवय लागायला वेळ लागणार नाही. सीझन संपायला येतो तो चवथीच्या आसपास, तेव्हा माटोळी बांधता बांधता स्कोअर बघण्याबद्दल घरी शिव्या बसल्या तर मला सांगू नका.

प्रश्न : २०१३ नंतर पायरेट्सचं काय झालं? तुमचं वाचून मी आता हीच टीम धरायची म्हणतोय.
नवा फॅन, पर्वरी

उत्तर : थांब, आधी ऐक. २०१३ ला वाइल्डकार्ड जिंकून पुढे सेंट लुईस कार्डिनल्सशी पाचव्या मॅचपर्यंत लढले आणि हरले. २०१४ ला ८८ जिंकल्या, परत घरच्या मैदानावर वाइल्डकार्ड, सॅन फ्रान्सिस्कोच्या मॅडिसन बमगार्नरने ८-० ने झोपवलं. २०१५ ला तर ९८ जिंकल्या, अख्ख्या बेसबॉलमध्ये फक्त एकच टीम पुढे, ती नेमकी त्यांच्याच गटात. परत तीच एक मॅच, परत घरी, शिकागो कब्जचा जेक अरिएटा, ४-०. सहा महिने १६२ मॅच खेळून ९८ जिंकायच्या आणि तीन तासांत सगळं संपायचं. आता वाइल्डकार्ड तीन मॅचचं केलंय, पायरेट्सना त्याचा काही उपयोग झाला नाही, कारण २०१५ नंतर २०२५ च्या सीझनपर्यंत प्लेऑफ बघितलेलंच नाही. २०२५ ला ७१-९१.

पण त्यांच्याकडे पॉल स्कीन्स आहे. २०२३ ला पहिल्या नंबरवर निवडला, २०२४ ला बेस्ट नवा खेळाडू, २०२५ ला नऊ इनिंगला सरासरी १.९७ रन देऊन लीगचा बेस्ट पिचर, सगळीच्या सगळी मतं त्याला. आणि त्याचा जिंकल्या-हरल्याचा हिशोब काय? १०-१०. एवढं भारी टाकून निम्म्या हरल्या, कारण मागची टीम रनच काढत नव्हती. आता तूच ठरव. २०११ ला जशी टीम टेबलात दिसत नव्हती तशी ही पण असेल, किंवा नुसता एक चांगला पोरगा वाईट टीममध्ये अडकला असेल, मला दुसरंच जास्त वाटतं.

तरी धरलीस तर एक कर, रोज पहाटे उठू नकोस. स्कीन्स पाच-सहा दिवसांतून एकदा टाकतो, आदल्या रात्री यादी येते, त्याचं नाव असेल तेव्हाच गजर लाव.